रोमानोव्ह घराणं ‘फोटो स्टॉप’मध्ये उरकू नका: रशियाच्या सहली काढणाऱ्या मराठी संयोजकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्याच एका कंपनीबरोबर आम्ही नवरा-बायको गेल्या उन्हाळ्यात मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग बघून आलो. परतल्यावर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, तेही गोड शब्दांत: बहुतेक प्रवाशांना इतिहासात रस नसतो, त्यांना निवांतपणा हवा असतो. मी तिथेच सोडून दिलं असतं. पण नव्या हंगामाचं माहितीपत्रक हातात पडलं आणि त्यात सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यापुढे, जिथे झारांच्या कबरी आहेत, कंसात ‘बाहेरून’ असं छापलेलं दिसलं. आमच्या वेळी निदान आत नेलं होतं, घाईघाईने का होईना. आता तेही बंद. वाचवलेला वेळ कुठे गेला ते त्याच पानावर खाली लिहिलंय: ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर इतरांची पत्रकंही मागवून चाळली. एकोणीस-वीसच्या फरकाने सगळीकडे तेच आहे.

मी नगरची. शाळेत इतिहास शिकवण्यात नोकरी गेली. रशियन क्रांती म्हणजे पाठ्यपुस्तकातलं पान-दीड पान, आणि त्यात झारच्या, म्हणजे तिथल्या रोमानोव्ह घराण्याच्या राजाच्या, वाट्याला ‘जुलमी’ हे एकच विशेषण. मुलं विचारायची, ‘बाई, एवढा जुलमी होता तर तीनशे वर्षं लोकांनी सहन कसं केलं?’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर जिथे घडलं ती जागा डोळ्यांनी बघावी, एवढ्यासाठी निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा मी तुमच्या हाती दिला.

हॉटेलं चांगली होती. जेवणात वरण-भात मिळाला, एका संध्याकाळी श्रीखंडसुद्धा. टूर मॅनेजर पोरगा गुणी. गटातल्या एका आजींची औषधांची पिशवी हरवली तेव्हा मध्यरात्री पायपीट करून आला. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. बसमध्ये माईकवर वाचायला तुम्ही त्याच्या हातात जो कागद देता, त्याबद्दल आहे.

सेंट पीटर्सबर्गला ‘स्पिल्ड ब्लड’ चर्चपाशी तुम्ही सगळ्यांना उतरवता. रंगीबेरंगी घुमट, खाली कालवा, फोटो उत्तम येतो. १८८१ च्या मार्चमध्ये इथे दुसऱ्या अलेक्झांडरवर बॉम्ब पडले. पहिल्या बॉम्बने बग्गी मोडली, तो खाली उतरला आणि दुसऱ्याने त्याचा घात केला. तो जिथे कोसळला तिथले मूळ दगड चर्चच्या आत, छत्रीखाली राखून ठेवलेत. आमच्या गटाने ते पाहिले नाहीत, कारण आत जायचं नव्हतं. वर्षानुवर्षं गहाण पडलेल्या शेतकऱ्यांना मुक्त करणारा झार तो हाच, हेही कुणी सांगितलं नाही.

बरं, तो कालवा कुणाच्या नावाचा? ग्रिबोयेदोव्हच्या. हा नाटककार आणि राजनैतिक अधिकारी. १८२९ मध्ये तेहरानला चवताळलेल्या जमावाने रशियन वकिलातीवर हल्ला केला, त्यात तो मारला गेला. इराणच्या फतह अली शाहने नातू खुसरो मिर्झाला दिलगिरी घेऊन पहिल्या निकोलसकडे धाडलं. त्या वेळच्या नजराण्यातला एक हिरा आज मॉस्कोला, क्रेमलिनमधल्या डायमंड फंडात, म्हणजे सरकारी रत्नसंग्रहात, आहे. ८८.७ कॅरटचा, जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, पैलू फारसे न पाडलेला, दोरा बांधता यावा म्हणून वरच्या बाजूला खाच कोरलेला. त्यावर फारसीत तीन नावं आहेत. तिसरं फतह अली शाहचं, दुसरं शहाजहानचं. आणि पहिलं, हिजरी सन १००० मधलं, बुऱ्हाण निजामशाहाचं. म्हणजे आमच्या अहमदनगरचा निजामशाह, चांदबिबीचा भाऊ!

डायमंड फंडाचं तिकीट वेगळं असतं म्हणून ते तुमच्या यादीत नाही. आम्ही दोघं मोकळ्या दुपारी रांगेत उभं राहून स्वतः तिकीट काढून गेलो. काचेमागे त्या हिऱ्यापुढे मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. भुईकोट किल्ल्याभोवतीचा रस्ता रोज पायाखालचा असलेल्या बाईला रोमानोव्हांच्या जामदारखान्यात आपल्या गावच्या राजाचं नाव भेटतं, आणि तिला तिथे नेऊन आणणाऱ्या मराठी कंपनीला त्याचा पत्ता नसतो. बाहेर आल्यावर मी गटातल्या लोकांना सांगितलं. ज्यांना इतिहासात रस नाही असं तुम्ही लिहिता, त्यांच्यातले सहाजण लगेच विचारायला लागले की आता जाता येईल का. दालन बंद व्हायची वेळ झाली होती.

आता पीटर्सबर्गमधल्या झारच्या महालापाशी, विंटर पॅलेसपाशी, माईकवर वाचलेल्या वाक्याकडे येते. ‘याच विंटर पॅलेसमधून लेनिनने झारला बाहेर काढलं.’ हे माझ्या मते सगळ्यात मोठं चुकीचं वाक्य, कारण घराणं कसं पडलं हेच त्याने झाकलं जातं. झार गेला तो १९१७ च्या मार्चमध्ये, आणि तेव्हा लेनिन झुरिकला होता. ८ मार्चला, महिलादिनी, राजधानीतल्या कापडगिरण्यांमधल्या बायका पावाच्या टंचाईने रस्त्यावर आल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शहर बंद पडलं. सैन्याला गोळ्या घालायचा हुकूम झाला, काहींनी घातल्याही. मग वोलिन्स्की रेजिमेंटने बंड केलं आणि एकामागून एक पलटणी फिरल्या. झार दुसरा निकोलस त्या वेळी आघाडीजवळच्या मुख्य तळावरून घरी निघालेला, गाडी वाटेत अडलेली. प्स्कोव्हच्या स्टेशनात त्याच्याच सेनापतींच्या तारा आल्या: पदत्याग करा. १५ मार्चला रेल्वेच्या डब्यात त्याने सही केली. आधी मुलाला गादी द्यायचं ठरलं होतं. पोराच्या आजाराचा विचार करून त्याने मुलाचाही हक्क सोडला आणि भावाला, मिखाईलला, गादी दिली. मिखाईलने दुसऱ्याच दिवशी नाही म्हटलं. १६१३ मध्ये एका मिखाईलपासून सुरू झालेलं राज्य दुसऱ्या मिखाईलच्या नकारावर संपलं. यात लेनिन कुठे आला?

विंटर पॅलेसवर लेनिनचे बोल्शेविक चालून गेले ते नोव्हेंबरमध्ये. तिथे राजघराणं नव्हतंच. निकोलसचं कुटुंब कितीतरी वर्षं शहराबाहेर त्सार्स्कोए सेलोला राहत होतं आणि महायुद्धात या महालाच्या भव्य दालनांत जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. त्या रात्री ज्यांना अटक झाली ते झारनंतर आलेल्या हंगामी सरकारचे मंत्री, मॅलाकाइट दालनाशेजारच्या छोट्या जेवणघरात. तिथल्या शेकोटीवरच्या घड्याळाचे काटे पुढे शंभर वर्षं अटकेच्या वेळेवर, दोन वाजून दहा मिनिटांवर, थांबवून ठेवलेले होते. तुमचा गट त्याच भागातून सोन्याच्या मोराचं घड्याळ बघायला धावत जातो. मोर सुंदर आहे, वाद नाही. पण शेजारची खोली दाखवायला लागली असती ती दोन मिनिटं.

घराणं वर आलं कसं, हे तर तुमच्या कागदावर एका ओळीचंही नाही. जणू रोमानोव्ह जन्मले तेच सोन्याच्या ताटात! सोळाव्या शतकाअखेर जुना राजवंश खुंटला, बोरिस गोदुनोव्ह गादीवर आला, मग दुष्काळ, तोतये राजपुत्र, मॉस्कोत पोलिश फौज. तोतयाचं बंड आपल्याला नवं नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया मराठी माणसाला ठाऊक आहे. तिकडे तर एक तोतया खरोखर झार होऊन बसला. त्या गोंधळातून थकून १६१३ मध्ये मोठी सभा भरली आणि सोळा वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हला निवडलं. त्याची लायकी काय? जुन्या राजवंशातल्या झार इव्हान द टेरिबलची पहिली राणी अनास्तासिया त्याच्या आजोबांची बहीण. वय कमी, शत्रू कमी. बाप पोलंडच्या कैदेत. पोरगा आईबरोबर कोस्त्रोमाच्या इपातिएव्ह मठात लपलेला. निरोप घेऊन लोक तिथे गेले तेव्हा आई रडत नको म्हणत होती, अशी हकीकत आहे. निवडून आलेला राजा होता तो, लक्षात घ्या. आणि गादी टिकवायला त्याला सरदार-जमीनदारांचा आधार लागणार होता.

त्या आधाराची किंमत त्याच्या मुलाच्या काळात चुकती झाली. १६४९ च्या कायद्याने शेतकरी जमिनीला कायमचा बांधला गेला. पळून गेला तर कितीही वर्षांनी धरून आणायची मुभा. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: जमीनदाराला माणसं दिली, झारने त्याची निष्ठा घेतली. हा सौदा दोनशे वर्षांहून जास्त चालला. पीटरने दलदलीत १७०३ मध्ये शहर उभं केलं ते याच वेठबिगारीवर, पोल्टाव्हाला स्वीडनला हरवलं ते याच शेतकऱ्यांच्या सक्तीच्या भरतीवर. दुसऱ्या कॅथरीनच्या प्रियकरांची नामावली तुमच्या मॅनेजरला तोंडपाठ होती, बस खिदळत होती. याच कॅथरीनने १७६७ मध्ये फर्मान काढलं की कुळांनी मालकाविरुद्ध राणीकडे तक्रारसुद्धा करायची नाही, हे मात्र नव्हतं. त्यानंतर सहा वर्षांनी पुगाचोव्ह उठला. मी तिचा मेलेला नवरा तिसरा पीटर आहे, म्हणाला, व्होल्गाकाठ पेटवला, मॉस्कोत त्याचं डोकं उडवलं. हा किस्सा प्रियकरांपेक्षा कमी रंगतदार आहे का? सांगून तर बघा.

१८६१ मध्ये सव्वादोन कोटींहून जास्त माणसं या दावणीतून सुटली. पण जमिनीची किंमत एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. हप्ते थकले, सूट द्यावी लागली, शेवटी १९०५ च्या उठावानंतर ते रद्द झाले. कर्जाची ही जात विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या प्रवाशांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शेवटच्या झारच्या राजवाड्यात वावरणाऱ्या साधूवर, रास्पुतिनवर, तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवता. विष पचवलं, गोळ्या पचवल्या, नदीत टाकला तरी जिवंत होता, वगैरे. ही कथा मुख्यतः त्याचा मारेकरी युसूपोव्ह याने स्वतः लिहून पसरवली. खून करणाऱ्याने स्वतःचं शौर्य वाढवून सांगितलं तर नवल नाही. माणूस मेला गोळीने. त्याचा राजवाड्यात शिरकाव झाला तो राजपुत्राच्या हिमोफिलियामुळे (रक्त न थांबण्याच्या आजारामुळे) आणि त्याने राजघराण्याची अब्रू घालवली हे खरं. पण तो राजवाड्यात येण्याआधीच पाया खचला होता. १८९६ च्या मे महिन्यात निकोलसच्या राज्यारोहणाच्या जत्रेत, मॉस्कोच्या खोदिन्का मैदानावर, पेला, सॉसेज आणि गोड केक बांधलेला रुमाल फुकट मिळणार म्हणून लाखो लोक लोटले. चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानेच तेराशेहून जास्त मेले. त्याच रात्री नवा झार फ्रेंच राजदूताच्या नाचाला गेला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेला, मदतही दिली; पण लोकांच्या ध्यानात राहिला तो नाच. आणि जानेवारी १९०५ मध्ये फादर गॅपॉनच्या मागे झारच्या तसबिरी हातात धरून, स्तोत्रं म्हणत, अर्ज द्यायला निघालेल्या कामगारांवर विंटर पॅलेससमोर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच चौकात तुम्ही आम्हाला गटफोटोसाठी उभं केलंत. चौकात काय घडलं, त्याबद्दल चकार शब्द नाही.

या निकोलसचा मुंबईशीही संबंध आहे, तो तर तुम्ही विमानतळावरच सांगू शकता. युवराज असताना १८९० च्या डिसेंबरमध्ये ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेने तो मुंबई बंदरात उतरला होता. बरोबर धाकटा भाऊ गिओर्गी होता; त्याची तब्येत इतकी बिघडली की त्याला मुंबईहूनच माघारी पाठवलं. पुढे जपानमध्ये एका पोलिसानेच निकोलसच्या डोक्यावर तलवार चालवली. थोडक्यात वाचला.

आणि निकोलसची धाकटी मुलगी अनास्तासिया. ‘ती वाचली होती असं म्हणतात’ हे वाक्य आता तरी कागदावरून काढा. १७ जुलै १९१८ च्या पहाटेआधी येकातेरिनबर्गला इपातिएव्ह नावाच्या इंजिनियरच्या घराच्या तळघरात अकराजण मारले गेले. पाच मुलं आणि आई-बाप मिळून सात. उरलेले चार: डॉक्टर बोत्किन, दासी देमिदोव्हा, स्वयंपाकी खारितोनोव्ह, सेवक त्रुप. घराणं निवडून आलं तो मठ इपातिएव्ह आणि शेवट झाला ते घर इपातिएव्हचं, हा योगायोग सांगायला कागद नको, माईकही नको. ते घर १९७७ मध्ये पाडलं. प्रेतं १९७९ मध्ये शोधली गेली, १९९१ मध्ये बाहेर काढली, डीएनए तपासणीसाठी इंग्लंडच्या राणीचा नवरा फिलिप याने रक्त दिलं. उरलेल्या दोन मुलांचे अवशेष २००७ मध्ये सापडले. अनास्तासिया असल्याचा दावा करणारी अ‍ॅना अँडरसन १९८४ मध्ये वारली आणि दहा वर्षांनी तपासणीत राजघराण्याशी तिचा काडीचा संबंध निघाला नाही. चारही मुली गोळ्यांनी आणि संगिनींनी मारल्या गेल्या. सतरा वर्षांची होती ती. तिच्या मरणाला गोड शेवट लावून करमणूक करण्याचा अधिकार कुणाला आहे?

म्हणूनच त्या ‘बाहेरून’ शब्दावर माझा राग आहे. पीटर-पॉल किल्ल्याच्या कॅथेड्रलमध्ये पीटरपासूनचे जवळजवळ सगळे झार ओळीने पांढऱ्या संगमरवरी पेट्यांखाली आहेत. शेवटच्या निकोलसला १७ जुलै १९९८ रोजी आणलं, दाराजवळच्या बाजूच्या छोट्या खोलीत. भिंतीवरच्या पाट्यांवर त्या चार नोकरमाणसांचीही नावं आहेत. राजाच्या शेजारी स्वयंपाक्याचं नाव, ही पाटी बघायला आम्हाला जेमतेम दोन मिनिटं मिळाली, मागून शिट्टी वाजत होती. ज्या किल्ल्यात पीटरने स्वतःच्या मुलाचे, अलेक्सेईचे, हाल केले आणि १७१८ मध्ये तो मेला, तो हाच. १८२५ च्या डिसेंबरमध्ये राज्यघटना मागणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी पाचजणांना पुढच्या वर्षी फाशी दिली तेही याच किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीपाशी. विंटर पॅलेसमध्ये पकडलेले मंत्री कोंडले तेही इथेच. नेवा नदीच्या एका छोट्या बेटावर आणि त्याच्या शेजारीच सगळं आहे, वेगळा प्रवास नाही, जास्तीचं पेट्रोल नाही. फक्त तिकीट आहे, ते आमच्याकडून घ्या.

मागण्या सांगते, सरळ आहेत.

पीटर-पॉल किल्ला ‘आतून’ करा, कॅथेड्रलच्या तिकिटासह, आणि निदान दीड तास द्या. मात्र्योश्का बाहुल्यांच्या आणि अंबरच्या दुकानात तुम्ही त्यापेक्षा जास्त थांबता.

डायमंड फंड ऐच्छिक ठेवा, जादा पैसे लावा, पण माहितीपत्रकात छापा. निजामशाही हिऱ्याची ओळ घाला. नगर, पैठण, दौलताबादकडची गिऱ्हाइकं त्यासाठीच येतील, हा व्यवहाराचा मुद्दाही लक्षात घ्या.

माईकवरचा कागद इतिहास जाणणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या. पुण्या-मुंबईत रशियन शिकवणारे, रशियात शिकून आलेले कितीतरी लोक आहेत. लेनिनने झारला महालातून काढलं, अनास्तासिया वाचली, रास्पुतिनने राज्य बुडवलं, ही तीन वाक्यं लगेच काढा, बाकीचं सवडीने.

स्थानिक रशियन गाईड बाई उत्तम इंग्रजी बोलत होत्या आणि खूप काही सांगत होत्या. मराठीत सांगताना त्यातला तीन चतुर्थांश भाग ‘वगैरे वगैरे’ झाला. मॅनेजरला आदल्या रात्री दहा पानं वाचायला द्या. तो वाचेल, हुशार आहे.

आणि प्रवाशांना काय आवडतं हे ठरवण्याआधी विचारा. सहलीअखेरच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर जेवण, हॉटेल, बस, मॅनेजर असे चार रकाने आहेत. ‘माहिती’ असा पाचवा घाला.

दहा पानांचं टिपण मी लिहून द्यायला तयार आहे. पैसे नकोत, नावही नको. दिवाळीनंतर पुढच्या हंगामाची पत्रकं छपाईला जातात असं तुमच्याच कार्यालयातून समजलं, म्हणजे अजून वेळ आहे. उत्तर याच पत्राखाली, सगळ्यांना दिसेल असं द्यावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, नगर